कॅनकून ते तुलुम: समुद्र, सेनोते आणि माया अवशेष. सहा रात्रींत काय घ्यावं, काय सोडावं?

सोनचाफा_ऑस्टिन
मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर सहा रात्री जायचं ठरतंय. आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या आसपासचे सासू-सासरे. सासऱ्यांना इतिहासाची फार आवड, मुलीला पाण्याची. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. दोघांनाही पोहता येत नाही.

प्रश्न असे:
१. सगळ्या रात्री एकाच रिसॉर्टात काढाव्यात की मुक्काम विभागावा?
२. माया संस्कृतीच्या अवशेषांपैकी चिचेन इत्साला जावं की तुलुम आणि कोबा पुरे?
३. पोहता न येणाऱ्यांना सेनोतेत, म्हणजे तिथल्या नैसर्गिक विहिरींत, काही करता येतं का?

'दहा बघण्यासारखी ठिकाणं' छापाच्या याद्या वाचून झाल्यात. काय सोडावं, ते कळत नाहीये.

अश्मक
आधी प्रश्न दोन. चिचेन इत्सा सोडू नका, पण कॅनकूनहून निघणाऱ्या एका दिवसाच्या बस-सहलीने जाऊ नका. अंतर साधारण २०० किमी आहे. बस चार हॉटेलांवरून माणसं गोळा करते, वाटेत एखाद्या दुकानाशी थांबते आणि भर उन्हात अकरा-बाराला तिथे सोडते. आवारात सावली जवळजवळ नाहीच. हातात दीड तास, आणि तो सगळा गर्दीत जातो.

त्यापेक्षा एक रात्र वायादोलिदला राहा. तिथून चिचेन इत्सा ४५ किमीवर आहे. दार सकाळी आठला उघडतं, त्या वेळी रांगेत असलात तर पहिला दीड तास बराच मोकळा मिळतो. तिकिटं दोन असतात, एक राज्य सरकारचं आणि एक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं. दोन्ही घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. ट्रायपॉड आणि ड्रोन चालत नाही. रविवार टाळा, त्या दिवशी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश मोफत असतो आणि आसपासच्या गावांतून कुटुंबंच्या कुटुंबं येतात.

टोपीवाला
अश्मक यांनी एक गोष्ट राहू दिली, ती म्हणजे घड्याळ. कॅनकून, प्लाया देल कारमेन, तुलुम हे सगळं किन्ताना रो राज्यात येतं. चिचेन इत्सा आणि वायादोलिद युकातान राज्यात. युकातानचं घड्याळ वर्षभर एक तास मागे असतं. म्हणजे तुलुमहून सकाळी सातला निघून दोन तासांत पोचलात तर तिथे आठच वाजलेले असतात. जाताना एक तास मिळतो, परतताना तोच जातो. संध्याकाळचं परतीचं विमान किंवा बोट धरायची असेल तर हे कागदावर लिहून ठेवा. फोन राज्याच्या सीमेवर कधी वेळ बदलतो, कधी नाही.

निळावंती
माझं मत वेगळं आहे. सत्तरीची माणसं आणि आठ वर्षांचं मूल बरोबर असताना चिचेन इत्सासाठी एक मुक्काम मोडणं जड जाईल. तुलुम लहान आहे, दीड-दोन तासांत नीट बघून होतं, आणि समुद्राशी त्याचं नातं डोळ्यांनी दिसतं. तीन बाजूंना जाड दगडी तट, चौथ्या बाजूला सुमारे १२ मीटर उंच कडा आणि खाली समुद्र. समोरच्या प्रवाळभिंतीत एक खिंड आहे. त्या खिंडीतून होड्या आत घेऊन कड्याखालच्या छोट्या पुळणीवर लावायच्या, असं हे व्यापारी बंदर होतं. ग्वाटेमालाच्या डोंगरांतला काळा ऑब्सिडियन (ज्वालामुखीची काच), जेड, मीठ, मध, कापड असा माल किनाऱ्याने होड्यांतून फिरायचा. बहराचा काळ साधारण तेरावं ते पंधरावं शतक, म्हणजे चिचेन इत्सा ओसरल्यानंतरचा. १५१८ साली ग्रिहाल्वाच्या मोहिमेतल्या स्पॅनिश लोकांनी हा किनारा जहाजातून पाहिला आणि इथल्या एका मोठ्या नगराची तुलना सेव्हिलशी केली. ते नगर तुलुमच असावं असं मानतात.

बघताना घाई करू नका. भित्तिचित्रांच्या मंदिराचे कोपरे नीट पाहा, तिथे चेहरा कोरलाय. जवळच्या दुसऱ्या मंदिराच्या दारावर डोकं खाली, पाय वर असलेला देव आहे. 'उतरणारा देव' म्हणतात तो हाच.

अश्मक
निळावंती, तुलुमबद्दल काहीच वाद नाही. पण इतिहासाची आवड असलेल्या माणसाला चिचेन इत्साचा कुकुल्कानचा (नागदेवाचा) पिरॅमिड न दाखवता परत न्यायचं? चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरचा एक चौथरा, मिळून ३६५. दगडात बांधलेलं पंचांगच ते. उंची मंदिरासकट ३० मीटर. आत आणखी एक जुना पिरॅमिड आहे. चेंडूच्या खेळाचं मैदान १६८ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद, मेसोअमेरिकेतलं, म्हणजे प्राचीन मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं, सगळ्यात मोठं. पिरॅमिडच्या पायऱ्यांसमोर उभं राहून एक टाळी वाजवा, प्रतिध्वनी पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा येतो. पिरॅमिडवर चढायला बरीच वर्षं बंदी आहे, त्यामुळे ज्येष्ठांना काही गमावल्यासारखंही वाटणार नाही. आवार सपाट आहे. हळूहळू चाललं तर तीन तासांत होतं.

टिकलीभर
मार्चचा तिसरा आठवडा म्हणजे विषुवदिन! पायऱ्यांच्या कठड्यावरून सावलीचा नाग उतरतो, तो तेव्हाच ना?

अश्मक
हो. २०-२१ मार्चच्या आसपास दुपारी उशिरा सूर्य कलला की पिरॅमिडच्या पायरीदार कडेची सावली कठड्यावर त्रिकोण-त्रिकोण अशी पडते आणि खाली कोरलेल्या नागाच्या डोक्याला जाऊन मिळते. हजारो लोक येतात, बसायला जागा नसते. दोन-तीन दिवस अलीकडे-पलीकडेही साधारण तोच खेळ दिसतो आणि गर्दी निम्मी असते. ढग आले तर काहीच दिसत नाही. ज्येष्ठांना घेऊन ऐन त्या दिवशी जाऊ नये, हे माझं ठाम मत.

पाणकोंबडा
प्रश्न तीनचं उत्तर देतो, कारण यात चुका जास्त होतात.

युकातानच्या उत्तर भागात जमिनीवर नद्या नाहीत. सगळा चुनखडीचा पठारी भाग. पावसाचं पाणी झिरपून खाली जातं, खडक विरघळवतं, गुहा तयार होतात. छत कोसळलं की वर विहिरीसारखं तोंड उघडतं, तेच सेनोते. गुहा एकमेकींना जोडलेल्या असतात. तुलुमजवळच्या साक आक्तुन आणि दोस ओहोस या गुहा २०१८ साली पाण्याखालून जोडलेल्या सापडल्या, तेव्हा एकूण लांबी ३४७ किमी मोजली गेली. त्याच परिसरातल्या एका खोल खड्ड्यात २००७ साली पाणबुड्यांना बारा हजारांहून अधिक वर्षं जुना एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला होता. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती, या गुहा कोरड्या होत्या, म्हणून ती आत चालत जाऊ शकली.

आता व्यवहाराचं.

पाणी साधारण २४-२५ अंश असतं. ऐकायला बरं वाटतं, पण लहान मूल वीस-पंचवीस मिनिटांत कुडकुडायला लागतं. मुलीसाठी पातळ वेटसूट घ्या, बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतो.

सनस्क्रीन आणि डासांचं क्रीम लावून उतरता येत नाही. 'प्रवाळाला सुरक्षित' लिहिलेलंही नाही. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्यायला लावतात. हे पाणी वाहत्या नदीसारखं धुऊन जात नाही, भूगर्भातून झिरपत समुद्राकडे जातं आणि वाटेत गावांना प्यायलाही लागतं. म्हणून लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे न्या.

पोहता न येणाऱ्यांसाठी सेनोतेचा प्रकार बघून निवडा. प्लाया देल कारमेनच्या दक्षिणेला सेनोते असूल उघडा आहे, काठाला उथळ पाणी आहे, पाय टेकतात. सासू-सासरे तिथे पाय बुडवून बसू शकतात, छोटे मासे पायांशी येतात. चिचेन इत्साजवळचा इक-किल दिसायला अप्रतिम, पण पाणी जमिनीपासून २६ मीटर खाली आणि उतरायला ओल्या पायऱ्या. तिथे वरच्या कठड्यावरूनच बघायला सांगा. पूर्ण गुहेतले सेनोते ज्येष्ठांना नकोत. प्रकाश कमी आणि लाकडी जिने निसरडे.

लाईफ जॅकेट घेताना पट्टे ओढून बघा. खांद्याकडून वर उचललं आणि जॅकेट कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे. मुलांच्या बाबतीत हे हमखास होतं, कारण खिडकीवरचा माणूस पटकन हाताला येईल तो आकार देतो.

मिशीवाले काका
पाणकोंबडा, मास्कचं पण सांगा. मिशा असल्या की पाणी आत येतंच.

पाणकोंबडा
काका, मिशांच्या वरच्या कडेला, नाकाखालच्या पट्टीत, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा. डायव्हिंगच्या दुकानात छोटी डबी मिळते. किंवा तेवढीच बारीक पट्टी कातरा, बाकी मिशा शाबूत राहतात. पट्टा करकचून आवळू नका. आवळला की मास्कची कड दुमडते आणि उलट जास्त गळतं. मास्क बरोबर बसतो का ते पट्टा न लावता तपासा: चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या, हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा.

धुकं येऊ नये म्हणून बेबी शाम्पूचा थेंब काचेला आतून चोळून विसळा. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो. तो आधी टूथपेस्टने घासून काढला नाही तर कितीही शाम्पू लावा, धुकं येणार.

मिशीवाले काका
पट्टी कातरायच्या सूचनेवर घरात मतदान घेतो.

गोदाकाठ
व्हिसा स्टॅम्पिंगबद्दल कोणीच बोललं नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण अमेरिकेतल्या नोकरीच्या एच-१ची मुदत वाढवून मिळालीय, कागद हातात आहे आणि पासपोर्टवरचा शिक्का मात्र संपलाय, अशी स्थिती असेल तर विमानतळाच्या काउंटरवरच अडवतात. 'तीस दिवसांच्या आत मेक्सिकोहून परतलं तर जुन्या शिक्क्यावर अमेरिकेत घेतात' हा नियम अमेरिकेत परत येण्यापुरता आहे. मेक्सिकोत शिरायला त्याचा उपयोग नाही. त्यांच्या वकिलातीतून व्हिसा घ्यावा लागतो. सासू-सासऱ्यांचा अमेरिकेचा व्हिसा चालू आहे ना आणि परत येण्यासाठी एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, दोन्ही बघा.

सोनचाफा_ऑस्टिन
गोदाकाठ, धन्यवाद. त्यांचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, आमचं ग्रीन कार्ड. जेवणाचं कोणी सांगेल का? सासूबाईंचीच मुख्य काळजी आहे.

हळदकुंकू
सांगते. युकातानचं जेवण आपल्या जिभेला जवळचं आहे, फक्त तीन ठिकाणी फसायला होतं.

पहिलं, घोटलेले काळे घेवडे. दिसायला शाकाहारी, पण पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. 'सिन मान्तेका' म्हणजे चरबी न घालता, असं विचारायचं. दुसरं, भात. तो कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो. 'सिन काल्दो दे पोयो' म्हणा. तिसरं, नुसतं 'सिन कार्ने' म्हटलं तर त्यांच्या लेखी फक्त लाल मांस वगळलं जातं, कोंबडी आणि मासे येऊ शकतात. म्हणून तिन्ही नावं घ्या: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो'. अंड्यासाठी 'सिन उएवो'. एका कागदावर लिहून वेटरला दाखवा, उच्चारांचा घोळ होत नाही.

मागवायचं काय? सिकिल पाक. भोपळ्याच्या भाजलेल्या बिया, भाजलेला टोमॅटो आणि हबानेरो मिरची वाटून केलेली चटणी, मक्याच्या कुरकुरीत तुकड्यांबरोबर. सासूबाई कृती विचारून घेतील, बघा. चाया नावाची पालेभाजी मिळते, लिंबू घालून तिचं सरबतही करतात. ती कच्ची खायची नसते, शिजवल्याशिवाय तिच्यातला विषारी अंश जात नाही. हामायकाचं लाल सरबत म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं. पापादसुलेस मात्र सासूबाईंना नको, आत उकडलेलं अंडं असतं.

हबानेरोचा सालसा वेगळ्या वाटीत येतो. टोकाला लावून बघा आधी. लवंगी मिरची खाणाऱ्यांनीही.

सुरंगी
खाण्याचा विषय निघालाच आहे तर: आपला चिकू मूळचा याच जंगलातला! घोलवड-डहाणूचा चिकू ज्या झाडाला लागतो, त्याच जातीची झाडं किन्ताना रोच्या रानात आपोआप उगवलेली दिसतात. मायांनी त्याचं टणक लाकूड मंदिरांच्या दारांवरच्या तुळयांना वापरलं, आणि काही ठिकाणी त्या तुळया हजारेक वर्षांनंतरही टिकून आहेत. झाडाच्या खोडावर तिरके चर पाडून काढलेल्या चिकापासून एके काळी जगभराचं च्युइंगम बनत होतं. कोबाच्या वाटेवर झाडावर आडवे-तिरके जुने व्रण दिसले तर सासऱ्यांना दाखवा.

निळावंती
सुरंगी, हे फार सुंदर. कोबाबद्दल मला तेच म्हणायचं होतं. तुलुमहून ४५ किमी, दाट झाडी, सावली. आत अवशेष लांब लांब पसरलेत, म्हणून सायकली आणि माणसाने चालवायच्या तीनचाकी मिळतात. सासू-सासऱ्यांना तीनचाकीत बसवा, मुलीला सायकल द्या. नोहोच मुल हा ४२ मीटर उंचीचा पिरॅमिड. तिथून निघालेला पांढऱ्या चुनखडीचा उंचावलेला रस्ता सुमारे १०० किमी पश्चिमेला याशुना या माया नगरापर्यंत जातो. चाकाची गाडी नाही, ओझ्याचं जनावर नाही, आणि माणसांच्या पायांसाठी असा रस्ता!

दर्यासारंग
सगळे जमिनीवरच रमलेत, मी समुद्राचं बोलतो.

मार्चपासून सारगॅसमची शक्यता सुरू होते. तपकिरी तरंगतं शेवाळ, २०११ पासून जवळपास दर वर्षी कमी-अधिक येतंच. जोर साधारण एप्रिल ते ऑगस्ट. किनाऱ्यावर साठून कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो, दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. ते पूर्वेकडून प्रवाहाबरोबर येतं, म्हणून पूर्वेला तोंड असलेला तुलुम आणि प्लायाचा किनारा आधी भरतो. इस्ला मुहेरेस बेटाची उत्तर पुळण आणि कोसुमेल बेटाची पश्चिम बाजू बहुधा स्वच्छ असते. हॉटेलचे फोटो बघून ठरवू नका, निघण्याच्या आठवड्यातले रोजचे नकाशे बघा. परत न मिळणारं बुकिंग शक्यतो टाळा.

कॅनकूनच्या हॉटेलपट्ट्यात पूर्वेकडची बाजू खुल्या समुद्राची आहे, लाटा आणि ओढ जोरदार. झेंडे पाळा: हिरवा ठीक, पिवळा जपून, लाल असेल तर उतरू नका, काळा म्हणजे किनारा बंद. मुलीसाठी इस्ला मुहेरेस उत्तम. कॅनकूनच्या पुएर्तो हुआरेस बंदराहून बोटीने वीस मिनिटं. उत्तर पुळणीवर बरंच आत गेलं तरी पाणी कमरेइतकंच. बेट जेमतेम सात किमी लांब. गोल्फ कार्ट घ्या, दक्षिण टोकाला इशचेल देवीच्या मंदिराचे अवशेष आणि कडे बघा. कार्ट घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, परत देताना ओरखड्यांवरून वाद होतात.

कोसुमेलची बोट प्लायाहून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं घेते. उत्तरेचा वारा सुटला तर ती इतकी हलते की अर्धी बोट ओकते, आणि जास्तच असेल तर बंदर बंद करतात. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची. बसायचं खाली, मागच्या भागात. वेगवेगळ्या बोट कंपन्या आहेत आणि एकीचं परतीचं तिकीट दुसरीत चालत नाही.

पाणकोंबडा
दर्यासारंग यांना अनुमोदन. कोणी डायव्हिंग करणार असेल तर: कोसुमेलला प्रवाहाबरोबर वाहत जायचं असतं, बोट वरून मागे येते. प्रवाहाविरुद्ध पोहायला गेलात की हवा संपते. एकाहून जास्त डाइव्ह झाल्या की विमानाआधी किमान १८ तास जाऊ द्या.

टोपीवाला
भाड्याच्या गाडीचं कोणी लिहिलं नाही. संकेतस्थळावर दिवसाला अगदी नगण्य भाडं दिसतं, काउंटरवर ते कैकपट होतं. कारण दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा मेक्सिकोत सक्तीचा आहे. तुमचं अमेरिकन क्रेडिट कार्ड भाड्याच्या गाडीचं नुकसान भरून देईल, दुसऱ्याचं देत नाही. तो विमा धरून किंमत सांगणारी कंपनी निवडा आणि कार्डाचं पत्र छापून न्या. पेट्रोल भरताना मीटर शून्यावर आहे का ते बघूनच नळी घालू द्या. गावांजवळचे गतिरोधक उंच असतात, पाटी असेलच असं नाही. एटीएमने 'आमच्या दराने डॉलरमध्ये रूपांतर करू का' विचारलं की नाही म्हणा. पैसे तरीही मिळतात, आणि तुमच्या बँकेच्या दराने मिळतात.

विमानतळावर कस्टमनंतरच्या मार्गिकेत 'माहिती', 'टॅक्सी' म्हणत अडवणारे बहुतेक टाइमशेअर (सुट्टीच्या घरातला वाटा) विकणारे असतात. सरळ दाराबाहेर चालत राहा.

गोदाकाठ
सासऱ्यांसाठी एक भर. हा किनारा फक्त प्राचीन अवशेषांचा नाही. १५११ साली जहाज फुटून इथे लागलेल्या स्पॅनिश लोकांपैकी शेवटी अगिलार आणि गेरेरो हे दोघं उरले. १५१९ साली स्पॅनिश सेनानी कोर्तेस कोसुमेलला आला तेव्हा अगिलार त्याला जाऊन मिळाला आणि दुभाषा झाला. गेरेरो मात्र माया बायको-मुलं सोडून गेला नाही, पुढे स्पॅनिश लोकांविरुद्ध लढला. तुलुमच्या उत्तरेला किनाऱ्यावरच्या अकुमालला त्याचा पुतळा आहे. आणि १८४७ साली मायांनी उठाव केला, तो इतका टिकला की त्यांची राजधानी चान सांता क्रूस सरकारी फौजेला थेट १९०१ मध्येच घेता आली. आजचं फेलिपे कारियो पुएर्तो ते हेच, तुलुमच्या दक्षिणेला. कॅनकूनचं हॉटेलशहर १९७० च्या दशकात वसवलेलं आहे. इतिहास शोधायचा तर तिथे थांबून चालणार नाही.

सोनचाफा_ऑस्टिन
सगळं वाचून असा आराखडा केलाय: तीन रात्री अकुमाल-तुलुम परिसरात (तुलुम, कोबा, सेनोते असूल), एक वायादोलिद (चिचेन इत्सा), दोन इस्ला मुहेरेस. समुद्र शेवटी. तीन मुक्काम जड जातील का?

निळावंती
माझा आधीचा विरोध मागे. हा क्रम चालेल, कारण प्रत्येक टप्प्यात गाडीतले तास दोन-अडीचच्या वर जात नाहीत. एक बदल करा: कोबा वेगळ्या दिवशी न ठेवता वायादोलिदला जाताना वाटेत करा, रस्ता तिथूनच जातो. सकाळी लवकर कोबा, दुपारी वायादोलिदला आराम, दुसऱ्या दिवशी आठला चिचेन इत्सा. मग किनाऱ्यावरचा एक पूर्ण दिवस मोकळा राहतो. सत्तरीच्या माणसांना तो लागतोच.

अश्मक
अगदी बरोबर. चिचेन इत्साचा दिवस शनिवार धरा, रविवार नको. अकरापर्यंत बाहेर पडा, टोलच्या रस्त्याने कॅनकून. त्या रस्त्यावर पेट्रोल पंप फारच थोडे आहेत, वायादोलिदलाच टाकी भरा.

दर्यासारंग
गाडी कॅनकूनला परत करून मगच बेटावर जा, तिथे ती लागत नाही. वाटेत एक तास जातोय हे धरून गाडी परत करायची वेळ संध्याकाळी सहाची लिहा. बोटी रात्री उशिरापर्यंत असतात, पण बॅगा आणि ज्येष्ठ बरोबर असताना उजेडातच पलीकडे पोचा. आणि परतीच्या दिवशी विमान दुपारी दोननंतरचं घ्या. सकाळी वारा असला तर बोटीचं वेळापत्रक मागे-पुढे होतं, आणि पुएर्तो हुआरेसहून विमानतळापर्यंत गर्दीत पाऊण तास सहज लागतो.